उघड्या पार्टीचा पेंटर

खैरगुड्यात अक्षर म्हटलं की बाबूभाई. किराणा दुकानाची पाटी त्याची, बुद्धविहारातलं पंचशील त्याच्या हातचं, हनुमानाच्या देवळाबाहेरचं 'चपला इथे काढाव्या' त्याचं, आणि कब्रस्तानातल्या फरशांवरची नावंही त्यानंच लिहिलेली. लग्न ठरलं की लोक आधी बाबूभाईला गाठायचे, मग आचाऱ्याला. बाप त्याला चार वर्षांचा असताना खांद्यावर बसवून या गावात घेऊन आला होता. तो कुठून आला हे विचारायचं पन्नास वर्षांत कोणाला सुचलं नाही, आणि बाबूभाईनंही ते कधी सांगितलं नाही.

माणूस सरळ होता, पण एक खोड होती. रंगानं लिहिलेलं ते खरं, असं त्याला वाटायचं. निवडणुकीत तो सगळ्याच पक्षांच्या भिंती रंगवायचा, आणि जी भिंत रंगवत असेल त्या पक्षावर तेवढे दिवस त्याचा विश्वास बसायचा. 'प्रत्येकाला घरकुल' असं रंगवून आला की जेवताना बायकोला, कनीजला, सांगायचा की यंदा घरकुलाचं काम होते. कनीज शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणायची की मागच्या वेळीही होतच होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तिची फसगत कमी झाली.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास चंद्रपुरात फ्लेक्स छापायची मशीन आली आणि बाबूभाईच्या पोटावर पाय आला. पुढाऱ्यांना अक्षरं नको झाली, आपले चेहरे हवे झाले. चेहरा काढण्यात बाबूभाईचा हात कच्चा. त्यानं काढलेला आमदार आणि त्यानं काढलेला नवरदेव एकसारखेच दिसायचे. कामं आटली. घर चालायचं ते कनीजच्या मशीनवर आणि आरिफच्या मजुरीवर. आरिफ हा त्यांचा एकुलता एक, तेवीस वर्षांचा, गावाच्या उशाला असलेल्या सिमेंट फॅक्टरीत ठेकेदाराकडे पोती भरायला होता. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. गडचांदूरला त्याची सोयरीक जमली होती, पण मुलीच्या बापानं साफ सांगितलं होतं: ठेकेदाराची माणसं आज आहेत, उद्या नाहीत, पोरगा परमनंट झाला की निकाह. म्हणून बाबूभाईच्या घरात 'परमनंट' या शब्दाला दुसऱ्या कुठल्याही शब्दापेक्षा जास्त मान होता.

अशात धुरपताबाईचा प्रफुल पुण्याहून परत आला. धुरपताबाई बुद्धविहाराच्या आळीतली, विधवा. दोन एकरांवर तिनं पोरांना शिकवलेलं. प्रफुल इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, साहेबाशी भांडला आणि गावात येऊन त्यानं कॉम्प्युटर क्लास उघडला. पाटी अर्थातच बाबूभाईकडे आली. पाटी रंगवता रंगवता बाबूभाईनं विचारलं की या मशीनच्या आत काय असतं, आणि प्रफुलला बोलायला माणूस मिळाला. मासिकासोबत फुकट आलेली एक सीडी त्यानं दाखवली. लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो ती यंत्रणा.

"बाबूभाई, हे कोणाच्या बापाचं नाई," प्रफुल म्हणाला. "आतून कसं बनवलं ते सारं उघडं हाये. वाचा, बदला, दुसऱ्याले द्या. फक्त तुमी जे बदलवलं ते बी उघडंच ठेवा लागते. अन् ज्यानं लिवलं त्याचं नाव पुसाचं नाई. नाईच पटलं त सारं उचला अन् आपलं वेगळं मांडा, कोणी आडवत नाई."

बाबूभाईचा ब्रश थांबला. त्याला हे लगेच पटलं, कारण अक्षराचंही तसंच होतं. तो लिहायला शिकला ते राजुऱ्याच्या कोण्या पेंटरच्या भिंती बघून बघून. 'क'ची शेपटी त्याची उचलली, 'श' आपल्या मनानं फिरवला, आणि त्या पेंटरनं कधी येऊन विचारलं नाही. पाटीकडे बघतच बाबूभाई म्हणाला, "मंग पार्टी अशी काऊन नसते?"

प्रश्न बाबूभाईचा होता. पुढं गावानं तो प्रफुलच्या नावावर टाकला, कारण प्रफुल इंजिनिअर होता.

पार्टीचं नाव उघडी पार्टी. नाव ऐकून चौकातल्या लोकांनी जे करायचं तेच केलं. उघड्याकडे नागडं गेलं अन् रात्रभर हिवानं मेलं, ही म्हण त्या हिवाळ्यात खैरगुड्यात जेवढी चालली तेवढी आधी शंभर वर्षांत चालली नसेल. बाबूभाई हसण्यावारी नेत होता. त्याला भिंत मिळाली होती.

बाजाराच्या मैदानाला लागून बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगची लांबच लांब भिंत होती. तिला पांढरा हात देऊन बाबूभाईनं वर पार्टीचं नाव घातलं. पार्टीला अध्यक्ष नव्हता, ऑफिस नव्हतं. पार्टी म्हणजे ती भिंत. गावात ज्याला जे व्हावंसं वाटतं त्यानं ते खडूनं भिंतीवर लिहायचं. दुसऱ्या कोणाला त्यात बदल करायचा तर तोही खडूनं. एका बुधवारच्या बाजारापासून दुसऱ्या बुधवारच्या बाजारापर्यंत वाक्य तसंच राहिलं, कोणी पुसलं नाही, तर ते गावाला मंजूर. मग बाबूभाई त्यावर ऑइलपेंट फिरवणार आणि खाली बारीक अक्षरात, ज्यानं मूळ वाक्य आणलं त्याचं नाव. पुसायला कोणालाही मनाई नव्हती, फक्त दिवसाउजेडी, चार माणसांसमोर पुसायचं. आणि ज्याला भिंतच पटत नसेल त्यानं सगळा मजकूर उचलून आपली वेगळी भिंत करावी.

पहिलं वाक्य धुरपताबाईचं: 'बोरिंगचं पाणी आधी भांड्याले, मंग ट्रॅक्टर धुवाले.' कोणी पुसलं नाही. पुसणार कोण? ट्रॅक्टरवाले चार आणि भांडीवाल्या शंभर. बाबूभाईनं 'भांड्याले'चं 'भांड्याला' केलं नाही, जसंच्या तसं रंगवलं आणि खाली धुरपताबाईचं नाव घातलं. त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा आपलं नाव रंगात बघितलं. सिमेंटची पूड रोज भिंतीवर बसायची आणि बाबूभाई रोज सकाळी ओल्या फडक्यानं पक्की वाक्यं पुसून घ्यायचा, खडूच्या वाक्यांना धक्का न लावता. कनीज म्हणायची की घरातली भांडी कधी अशी घासली नाहीत.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उघडी पार्टी निवडून आली आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. पण निवडून आलेल्यांत नानाजी होते. नानाजी गावातले मोठे शेतकरी. आधी ते दुसऱ्या पक्षात होते आणि त्याआधी तिसऱ्या. वारा बघून ऐन वेळी ते भिंतीपाशी आले, खडूनं 'शेताचे पांदण रस्ते दुरुस्त करावे' असं एक निरुपद्रवी वाक्य लिहिलं आणि पार्टीत शिरले. उघड्या दाराला कडी कशी लावणार? सरपंच तेच झाले. प्रफुलला त्याचं काही वाटलं नाही; सरपंच कोणी का असेना, ठरतं ते भिंतीवर, असं त्याचं म्हणणं. बाबूभाईलाही तेच वाटलं.

मग फॅक्टरीची दुसरी भट्टी उभी राहायला लागली. परमनंट माणसं घेणार, असा बोभाटा झाला. फॅक्टरीच्या साहेबानं हुशारी केली. गावाशी कटकट नको म्हणून सांगितलं की स्थानिक माणसं घेऊ, पण स्थानिक कोण ते गावानं ठरवून ग्रामसभेचा ठराव द्यावा.

त्या बुधवारी बाबूभाईनं पहिल्यांदा स्वतःसाठी खडू उचलला. इतकी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं रंगवणाऱ्या माणसाचं हे पहिलं स्वतःचं वाक्य. तीन शब्द: 'काम आधी स्थानिकाला.' येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचून मान डोलावली. पुढच्या बाजाराला त्यानं ते लाल रंगात, सगळ्यांत मोठ्या अक्षरात पक्कं केलं आणि खाली लिहिलं: पेंटर बाबू. संध्याकाळी त्यानं आरिफला भिंतीपाशी नेऊन दाखवलं. आरिफ बापापेक्षा व्यवहारी होता. त्यानं विचारलं, "अब्बा, स्थानिक म्हंजे कोण ते कुठी लिवलं?"

बाबूभाई म्हणाला, "ते का लिवा लागते?"

ते लिहावं लागतं, हे नानाजींना माहीत होतं. त्यांनी वाक्याला पहिली शेपटी जोडली: 'स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांपासून गावात राहणारा.' यात वाईट काय होतं? भट्टीच्या कामावर आलेली छत्तीसगडची माणसं माळावर झोपड्या करून राहत होती, ती यातून बाहेर पडत होती. बाबूभाईला बरंच वाटलं. आपण पन्नास वर्षांचे जुने, आपला आरिफ इथं जन्मलेला; पंगतीला माणसं जितकी कमी तितकं वाढप जास्त. त्या झोपड्यांतला चैतू, जो बाबूभाईला रंगाचा डबा आणि शिडी धरायला मदत करायचा, भिंतीपाशी येऊन उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं ते त्यानं विचारलं आणि बाबूभाईनं ब्रश न थांबवता सांगितलं, "तुमच्यासाठी नाई लिवलं." चैतू शिडी धरायला पुढं झाला, कारण शिडी हलत होती.

हे मी मुद्दाम सांगतो. बाबूभाईची कीव करायची तर करा, पण चैतूला वगळताना त्याचा हात कापला नव्हता. अक्षर चांगलं वळणदार आलं होतं.

पुढच्या बुधवारी नानाजींनी आणखी एक शेपटी जोडली. 'पंधरा वर्षांपासून राहणारा' यावर काट मारून त्यांनी खडूनं लिहिलं: 'स्थानिक म्हणजे ज्याच्या बापाचा सातबारा या गावात आहे.'

सातबारा म्हणजे जमिनीचा उतारा. बाबूभाईच्या बापाकडे या गावात जमीन म्हणाल तर कब्रस्तानातली तेवढी, आणि तिचा उतारा कोणी देत नाही. बाबूभाईनं ते वाक्य वाचलं, आणि मग परत वाचलं. त्याला आधी वाटलं नानाजींकडून चूक झाली. सरळ माणूस आहे, लक्षात आलं नसेल. तो त्यांच्या घरी गेला. नानाजींनी चहा पाजला आणि सांगितलं की बाबूभाई, जमिनी आमच्या गेल्या, खाणीचे खड्डे आमच्या शेतात झाले, मग नोकरीवर हक्क कोणाचा? आणि मी काय, मी तर नुसतं लिहिलंय. कोणाला नाही पटलं तर पुसेल की. भिंत उघडी आहे.

पटण्यासारखंच होतं ते, म्हणून तर जास्त लागलं.

बाबूभाईला स्वतः पुसता आलं असतं, पण त्याला लाज वाटली. आपल्याच पोराच्या नोकरीसाठी आपणच फडकं फिरवायचं? इतके दिवस तोच लोकांना सांगायचा की स्वतःच्या फायद्याचं पुसू नका, शोभत नाही. आणि त्याला खात्री होती की कोणीतरी पुसेल. गावात ज्याच्या दारावर त्यानं 'शुभविवाह' लिहिलं नाही असं घर नव्हतं. तो रोज सकाळी भिंतीपाशी जायचा, पक्की वाक्यं पुसायचा आणि त्या खडूच्या वाक्याकडे चोरून बघायचा. अक्षर नानाजींचं, वेडंवाकडं, पण शाबूत.

शेवटी तो प्रफुलकडे गेला. प्रफुलनं समजावून सांगितलं की बाबूभाई, एखाद्याच्या ओळखीखातर मी पुसलं तर मग ही पार्टी आणि बाकीच्या पार्ट्या यांत फरक काय राहिला? लोकांना वाटत असेल तर लोक पुसतील. प्रोसेसवर विश्वास ठेवा. पोरगा खरंच मनापासून बोलत होता. त्याच्या धाकट्या भावाचं नाव दोन एकरांच्या उताऱ्यावर परमनंटच्या यादीत बसत होतं, हे त्याच्या मनात आलं नसेल असं नाही. पण ते आलं म्हणूनच तो तत्त्वाला अधिक घट्ट धरून बसला असावा. तत्त्व आणि फायदा एकाच बाजूला आले की माणसाला तत्त्वाची चाड फार वाटते.

निघताना दारात धुरपताबाई उभी होती. बाबूभाईनं तिच्याकडे बघितलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "चाय घेता का जी?" तो नको म्हणाला.

बुधवार उजाडला. बाजार भरला. दुपारपर्यंत कोणी भिंतीकडे फिरकलं नाही. लोक कांदे घेत होते, मिरच्या निवडत होते आणि भिंतीकडे पाठ करून उभे होते. एवढ्या माणसांना एकदम भिंत दिसेनाशी कशी झाली, देव जाणे. बाबूभाई रंगाचा डबा घेऊन उन्हात बसला होता. नियमाप्रमाणे आता त्यानंच ते वाक्य पक्कं करायचं होतं. तो उठला, फडकं बादलीत बुडवलं, आणि भर बाजारात, सगळ्यांसमोर, त्यानं ते पुसून टाकलं.

पुसायचा हक्क होताच. नानाजी मिरचीच्या ढिगापाशी उभे होते, ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीच्या भिंतीला चुना मारायला घेतला.

पटलं नाही तर सगळं उचला आणि वेगळी भिंत करा: नियमच होता. नानाजींनी अक्षरशः सगळं उचललं. धुरपताबाईचं बोरिंग, पांदण रस्ते, दारूबंदी, शाळेचं कुंपण, एकूण एक वाक्य, आणि त्यात ते सातबाऱ्याचंही. बाबूभाईला रंगवायला बोलावलं. तो गेला नाही. मग चंद्रपुराहून भलामोठा फ्लेक्स छापून आला आणि नव्या भिंतीवर ताणला गेला. वर उघडी पार्टी, मध्ये नानाजींचा चेहरा, आणि खाली मजकूर: 'काम आधी स्थानिकाला. स्थानिक म्हणजे ज्याच्या बापाचा सातबारा या गावात आहे.' त्याच्याखाली बारीक अक्षरात, नियमाला धरून, मूळ वाक्य: पेंटर बाबू.

आयत्या बिळावर नागोबा बसला तो असा, आणि वर बीळ खणणाऱ्याचं नावही कोरून बसला. बाबूभाई नाव काढा म्हणून सांगायला गेला. प्रफुल तिथंच होता. तो म्हणाला की नाव काढता येत नाही, तेवढा एक नियम तरी आपण मोडायला नको. फॅक्टरीतली पोरं आरिफला विचारायला लागली की तुझ्या बापानं हे काय लिहिलं रे. आरिफ घरी यायचा, हात धुवायचा, जेवायचा आणि उठायचा.

गाव नव्या भिंतीकडे गेलं. जिनिंगच्या भिंतीखाली बाबूभाई एकटा. पुसायचा हक्क त्याला अजूनही पूर्ण होता. हवी ती ओळ पुसावी, कोणाला फरक पडत नव्हता. तिच्यावर पूड बसत गेली.

ग्रामसभा आठवड्यावर आली तेव्हा नानाजी स्वतः बाबूभाईच्या घरी आले. खाटेवर बसले. म्हणाले की माझं तुझ्याशी वैर नाही. आरिफ आपलाच पोरगा. पण लोक तुझ्यावर चिडलेत. भर बाजारात गावाचं वाक्य पुसलंस, तेही स्वतःच्या पोरासाठी. तू सभेत उभा राहा, चूक कबूल कर, आणि सरळ म्हण की मी बाहेरचा आहे, गावानं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. मग मी खास बाब म्हणून आरिफचं नाव घालायचा ठराव मांडतो. माणसं कबुलीनं विरघळतात. अडून बसलं की दगड होतात.

नानाजी गेल्यावर कनीज मशीन थांबवून आपल्या हिंदीत एवढंच म्हणाली की ज्या घरात आपण राहतो त्या घराच्या दारात उभं राहून 'हे घर माझं नाही' असं कोणी बोलतं का? बाबूभाई म्हणाला, दोन शब्दांचं काम आहे. बोलायचं आणि यायचं. पोरगा परमनंट होतो. शब्दानं काय अंगाला भोकं पडतात? आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेला माणूस हे बोलला.

आरिफला दोघांनीही काही सांगितलं नाही.

सभा शाळेच्या पटांगणात झाली. खुर्च्यांवर नानाजी, ग्रामसेवक, प्रफुल. खाली सतरंजीवर गाव. पोरं मागं भिंतीला टेकून उभी, त्यात आरिफ, पाळी संपवून तसाच आलेला. विषय निघाला तसा बाबूभाई उभा राहिला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. त्यानं हात जोडले.

"माह्याकडून चूक झाली," तो म्हणाला. "म्या गावाचं वाक्य पुसलं. मी बाहेरचा माणूस आहो. माहा जन्म बल्लारशाचा, माह्या बापाले इथी कोणी नव्हतं. तुमी आमाले ठेवून घेतलं. माह्या पोराले पदरात घ्या."

बायकांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसले. माणसं खरंच विरघळली होती. त्या क्षणी मत घेतलं असतं तर आरिफ परमनंट झाला असता. नानाजींनी शब्द पाळला. उभं राहून त्यांनी खास बाब म्हणून ठराव मांडला आणि भिंतीच्या रिवाजाप्रमाणे विचारलं की कोणाची हरकत आहे का. एकाची हरकत असली तरी वाक्य पुसलं जाणार, हा रिवाज सगळ्यांना पाठ होता.

प्रफुल उभा राहिला. तो म्हणाला की बाबूभाई मला बापासारखे आहेत, आणि म्हणूनच हे बोलणं माझ्यावर आलं. आज एका माणसासाठी खास बाब केली तर उद्या चैतू येईल, परवा आणखी कोणी. नियम सगळ्यांना सारखा, यासाठी तर आपण ही पार्टी काढली, आणि ती बाबूभाईंनीच काढली. त्यांचा मान ठेवायचा तर त्यांचा नियम ठेवा. एवढं बोलून त्यानं चष्मा काढला आणि पुसला.

धुरपताबाई जमिनीवर बोटानं रेघा ओढत होती.

नानाजींनी दोन्ही हात पसरले. "आता माह्या हातात का हाये, बाबूभाई? सभा उघडी हाये." आणि मग ग्रामसेवकाकडे वळून, अगदी सहज, जसं काही विसरलेलं आठवावं तसं, त्यांनी सांगितलं की बाबूभाई स्वतःच्या तोंडानं बाहेरचे म्हणाले आहेत, तेवढं नोंदवून घ्या. फॅक्टरीचा साहेब उद्या विचारेल. नुसता सातबारा नाही एवढंच असतं तर वाद घालायला जागा होती; चारजण जुन्या रहिवासाचा दाखला घेऊन भांडले असते. आता ती जागाही राहिली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बाबूभाई अजून उभाच होता, हात जोडलेले. खाली बसायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागून आरिफ माणसांतून वाट काढत पुढं आला. त्याच्या पापण्या पांढऱ्या होत्या. लोकांना वाटलं आता हा प्रफुलच्या अंगावर जातो, की नानाजींची कॉलर धरतो. दोघंही खुर्चीत जरा मागं सरकले. आरिफनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"अब्बा," तो म्हणाला, "या लोकाइनं मले नोकरी दिली नाई, ते ठीक हाये. पण मी बाहेरचा आहो असं आजपावतर कोणी म्हटलं नव्हतं. तुमीच पयले."

बाबूभाईनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की तुझ्यासाठीच म्हटलं, की ते नुसते दोन शब्द होते. पण पोरगा त्याच्या तोंडाकडे असा बघत होता की तो एवढंच म्हणाला, "मले वाटलं होतं..."

ग्रामसेवक गडबडीत होता; त्याला संध्याकाळची गाडी धरायची होती. आरिफच्या नोकरीच्या अर्जावर नामंजूर असा शेरा लिहिता लिहिता त्यानं मान वर केली आणि विचारलं, "आरिफ शेख, मूळ गाव काय लिहू?"

आरिफनं बापाकडे बोट केलं. "त्याइले इचारा. त्याइलेच मालूम."

सगळं पटांगण बाबूभाईकडे बघू लागलं. खैरगुडा, एवढं एकच नाव म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलले, पण आता ते म्हणायचं कोणत्या तोंडानं? ग्रामसेवकानं थोडी वाट बघितली, घड्याळ बघितलं, बल्लारशा असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.